एक ओळ वर

अजित फोन हातात धरूनच नम्रताच्या खोलीत शिरला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. रक्त तपासणाऱ्या मशीनवरचा हा माणूस एरवी चहाला बोलावलं तरी जागचा हलत नाही. तो स्वतः दोन जिने उतरून आला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे त्याच्या तोंडाकडे न बघताही नम्रताला कळलं.

"हे बघ जरा," फोनवर तळवा दाबत तो म्हणाला. "एका पेशंटचं पोटॅशियम सहा पॉइंट नऊ आलंय. नियमाप्रमाणे मी लगेच त्याला फोन लावला, कॅज्युअल्टीत या म्हटलं. तर तो म्हणतो, मी आज रक्त दिलंच नाही."

"चुकीचा नंबर लागला असेल."

"नाव बरोबर सांगतोय ना. कोंडीराम तावडे, शिवडी. नमुना क्रमांक एकसष्ट हजार चारशे अडतीस. आपल्याकडे आला होता म्हणतो, पण एक तारखेला. आज सतरा."

नम्रताने फोन कानाला लावला.

"अगो बाय, मी आज थंय इलंयच नाय," पलीकडून एक म्हातारा आवाज आला. "तो झील म्हणता लगेच येवा, नायतर काळीज बंद पडात. मी घरात बसलंय. मगे माजा रगात तुमच्याकडे इला कसा?"

"काका, तुम्ही शांत बसा. मी बघते आणि पाच मिनिटांत परत फोन करते."

असं ती बोलून गेली. आपण सगळेच बोलून जातो, आणि पुढच्या मिनिटाला विसरतो.

नम्रता परब परळच्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयात कॉम्प्युटर बघायची. 'बघायची' हा तिथल्या लोकांचा शब्द. प्रिंटर अडकला, पासवर्ड विसरला, पंखा कुरकुरला, सगळ्याला नम्रता. पण आपलं खरं काम एकच, असं ती मनात धरून होती आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. ते काम म्हणजे जोडणीची फाइल.

रक्ततपासणीचा विभाग, वॉर्ड आणि गिरगावचं रक्त घेण्याचं केंद्र मिळून सव्वीस कॉम्प्युटर. पेशंटची माहिती मात्र एकाच डेटाबेसमध्ये. तो डेटाबेस कोणत्या सर्व्हरवर आहे, त्याचं नाव काय, आत शिरायचा पासवर्ड कोणता, हे पूर्वी प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये वेगळं लिहिलेलं असायचं. पासवर्ड बदलला की तिच्या खोलीतले जुने सहकारी आनंदा साळवे पेन ड्राइव्ह घेऊन सव्वीस ठिकाणी फिरत. दोन दिवस त्यात जात, आणि तिसऱ्या दिवशी कुठल्यातरी वॉर्डातून ओरडा होई की आमचं राहिलं. नम्रता आली आणि आठ महिन्यांत तिने ही सगळी पायपीट बंद केली. आता एकच फाइल, एकाच जागी. कॉम्प्युटर सकाळी सुरू झाला की ती फाइल वाचतो आणि तिथे लिहिलेल्या डेटाबेसला जाऊन जोडला जातो. एका जागी बदललं की सगळीकडे बदललं. मीटिंगमध्ये अधीक्षक मॅडमनी टाळ्या वाजवल्या. साळवेकाकांनीही वाजवल्या, आणि मग म्हणाले, "झकास. फक्त एका जागी चुकलं तर सगळीकडे चुकेल, एवढं ध्यानात ठेव." नम्रताने ते हसण्यावारी नेलं होतं.

साळवेकाकांची आणखी एक तऱ्हा होती. फाइलीत काहीही बदललं की ते तिचा प्रिंट काढत आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत. दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवून ऐकायचं. नायगावच्या चाळीत त्यांचे आजोबा आलेली प्रत्येक नोटीस, प्रत्येक सरकारी कागद असाच दोघांकडून वाचून घेत, एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने बघायचा. "एकटा माणूस आपल्या मनात आहे तेच वाचतो," काका सांगत. नम्रता ऐकायला बसायची, पण वरून चिडवायची, "झालं का काका आजचं पारायण?" कधी कधी तर जांभईसुद्धा द्यायची.

आज मात्र पारायण झालं नव्हतं. गिरगावच्या केंद्रात दोन नव्या मुली लागल्या होत्या आणि त्यांना दहा ते अकरा शिकवायचं होतं. शिकाऊ माणसाने खऱ्या पेशंटच्या नोंदीत हात घालू नये म्हणून नम्रताने सरावासाठी वेगळा डेटाबेस ठेवला होता. दर महिनाअखेरीला खऱ्या डेटाबेसची नक्कल करायची आणि त्यात खुशाल चुका करू द्यायच्या. अकरा वाजता तो आपोआप पुसला जाई आणि महिनाअखेरीची कोरी नक्कल पुन्हा तिथे येऊन बसे. आज गिरगावचा तीन नंबरचा कॉम्प्युटर तेवढा सरावाला जोडायचा होता. फाइलीत 'गिरगाव ३' असा मथळा होता आणि त्याच्या खाली 'डेटाबेस सराव' अशी एक ओळ टाकायची होती. बस्, एवढंच. पावणेआठ वाजता, लालबागहून चालत येऊन, पाठीवरची बॅगही न उतरवता तिने ती ओळ टाकली होती. काका नऊला येतात. एका ओळीसाठी त्यांची वाट कोण बघणार?

आता तिने फाइल उघडली. ओळ होती. पण ती मथळ्याच्या खाली नव्हती, वर होती.

मथळ्याच्या वरचा सगळा भाग 'सर्वांसाठी' या सदरात मोडत होता.

तिने ती ओळ तीनदा वाचली, जणू तिसऱ्यांदा वाचल्यावर ती आपोआप खाली सरकणार होती.

"काय झालं?" अजितने विचारलं.

"सकाळपासून सगळे सरावाला जोडलेत," ती म्हणाली. "खाली नोंदणीच्या खिडकीवर अक्षताने आज जेवढ्या पेशंटची नावं घेतली ती सगळी सरावात गेली. सरावातले क्रमांक महिनाअखेरीपासून पुढे सुरू होतात. म्हणजे ज्यांना आज एकसष्ट हजार चारशे मिळाले, तेच क्रमांक खऱ्या डेटाबेसमध्ये एक तारखेच्या लोकांचे आहेत."

"पण माझं मशीन…"

"तुझं मशीन तू कधी बंद करतोस? त्याने फाइल कधीची वाचलेली आहे. ते अजून खऱ्यालाच जोडलेलं आहे. नळीवर अडतीस बघितलं, खऱ्यात अडतीस शोधलं, तिथे मिळाले कोंडीराम तावडे. चिकटवला रिपोर्ट त्यांना."

अजितने डोक्याला हात लावला. "मला वाटलं पुन्हा तपासायला आलंय. सगळे सुधारित रिपोर्ट म्हणून गेलेत, नम्रता. मोबाइलवर. एकोणतीस गेलेत."

"मशीन थांबव. आता एकसुद्धा बाहेर जाऊ देऊ नकोस."

"थांबवतो. पण ते पोटॅशियम? मी दोनदा लावून बघितलंय, सहा पॉइंट नऊच येतंय. ज्याचं आहे त्याला काही दुखत नसेल, खुपत नसेल. असाच चालता चालता पडेल तो."

नम्रताने सरावाचा डेटाबेस उघडला. खऱ्या माणसाचं नाव तिथे असणार होतं. तिने एकसष्ट हजार चारशे अडतीस टाकलं. काहीच आलं नाही. सदतीस टाकलं, एकोणचाळीस टाकलं. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि तिला आठवलं. अकरा वाजता सराव पुसला जातो. तिनेच तसं लावून ठेवलं होतं आणि आजही ते काम अगदी वेळेवर झालं होतं. अकरानंतरची सात-आठ नावं होती, त्याआधीचं सगळं साफ.

पलीकडच्या टेबलावरून साळवेकाका उठून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "आधी ओळ खाली घे. आणि मोठ्याने वाच."

तिने ओळ खाली घेतली. ती वाचू लागली. काका एकेका ओळीवर बोट ठेवत होते. सगळी फाइल वाचून झाली तेव्हा त्यांनी अक्षताला फोन करून खिडकीचा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. मग अजित वर गेल्यावर हळूच म्हणाले, "ही फाइल अजून माझ्याच लॉगिनने उघडते. बदल कोणी केला हे शोधलं तर माझं नाव निघेल. निघू दे. मला नोव्हेंबरमध्ये घरी बसायचंय. तुझं कायम होण्याचं पत्र मॅडमच्या टेबलावर आहे."

खोटं कशाला सांगा, त्या क्षणी नम्रताला बरं वाटलं. नको म्हणायला हवं होतं, पण ती नको म्हणाली नाही. "आधी पेशंट शोधू," एवढंच पुटपुटत ती जिना उतरली.

खिडकीपाशी अक्षता रडवेली होऊन बसली होती. "ताई, मला सकाळीच दिसलं होतं. काल त्रेसष्ट हजार चालू होते, आज एकदम एकसष्ट. मला वाटलं तुम्हीच काहीतरी नवीन केलं असेल. तुम्ही नेहमी करताच ना."

"अडतीस नंबरवाला पेशंट आठवतो का? नळीवर वेळ नऊ पाच लिहिलीय."

"नऊ वाजता काय गर्दी असते, तुम्हाला माहितीय. मी मान वर करून बघत पण नाही. नाव, वय, पुढे."

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. काही नव्याने आलेली, काही रिपोर्टसाठी थांबलेली, आणि बरीचशी साखरेची. सकाळी उपाशीपोटी एकदा रक्त द्यायचं, खाऊन दोन तासांनी परत येऊन पुन्हा द्यायचं, अशी ती मंडळी. प्रत्येकाच्या हातात अक्षताने दिलेली क्रमांकाची चिठ्ठी होती.

नम्रता खुर्च्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. "ऐका जरा," तिने आवाज चढवला. "सिस्टिममध्ये थोडा प्रॉब्लेम झालाय. एकसष्ट हजार चारशे अडतीस नंबर ज्यांचा आहे त्यांनी पुढे या. त्याच्या आगेमागे नंबर असेल त्यांनी पण या."

कोणी हललं नाही. उलट समोरच्या बाईने चिठ्ठी पदराच्या गाठीत सरकवली. मागून कोणीतरी म्हणालं, "झालं! आता परत रक्त काढणार." दुसरा म्हणाला, "परत लाइन लावायला सांगतील, बघ तू. सहाला येऊन नंबर धरायला पिशवी ठेवलीय मी इथे." सिस्टिमचा प्रॉब्लेम हे शब्द या लोकांनी रेशनच्या दुकानात, बँकेत, पालिकेच्या खिडकीवर इतक्या वेळा ऐकले होते, की ते ऐकलं की माणूस आपली जागा घट्ट धरून बसतो. अख्खा हॉल घट्ट बसला.

अकरा बेचाळीस. ती अडतीस नंबरवाली व्यक्ती इथेच कुठेतरी बसली असेल किंवा चालत रस्ता ओलांडत असेल, आणि आपण इथे उभं राहून सिस्टिमचं नाव सांगतोय, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. मागे साळवेकाका दाराशी उभे होते. अधीक्षक मॅडमही जिन्यात आल्या होत्या.

"सिस्टिमचा प्रॉब्लेम नाही," नम्रता म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की तीच दचकली. "चूक माझी आहे. मी सकाळी एक ओळ चुकीच्या जागी लिहिली आणि तुमची नावं पुसली गेली. मी, नम्रता परब. तुम्हाला कोणी परत लाइनीत उभं करणार नाही, हा माझा शब्द. पण तुमच्यातल्या एका माणसाचं रक्त वाईट आलंय. त्याचं काळीज कधीही थांबेल आणि त्याला ते माहीत नाही. मला त्याचं नावही माहीत नाही, बाई आहे का बुवा हेही नाही. फक्त नंबर आहे, अडतीस. हात जोडते, तुमच्या चिठ्ठ्या बघा."

मग सगळ्या हॉलमध्ये चिठ्ठ्यांची खसफस सुरू झाली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते शेजाऱ्याला दाखवू लागले. "माझा बावन्न." "माझा एकतीस, अडतीस माझ्या बराच मागे." "अहो, हिचा बघा, हिचा एकोणचाळीस!"

एकोणचाळीसवाली उभी राहिली. चाळिशीची, अंगावर शाळेतल्या शिपाई बायका नेसतात तशी निळी साडी, हातात पोह्यांचा रिकामा डबा. माया तिचं नाव, गणेश गल्लीत राहणारी, साखरेच्या दुसऱ्या रक्तासाठी परत आली होती.

"माझ्या पुढे एक म्हातारी होती," ती म्हणाली. "पहाटे सहाला तिची बाटली होती लाइनीत, त्याच्या मागे माझी पिशवी. हिरवं लुगडं, बारीक, हाताला गोंदलेलं. राधाबाई म्हणाली नाव. शीवहून एकटीच आलीय. बाटली बघ म्हणून मला सांगून ती भिंतीला टेकून बसली होती. पायात गोळे येतात म्हणत होती."

"गेली का ती घरी?"

"नाही हो. बारा वाजताचा किडनीवाल्या डॉक्टरांचा नंबर आहे तिचा. मला म्हणाली, रक्त काढलं की गरगरतं, तोवर गेटावर शहाळं पीत बसते. सुनेने सांगितलंय तिला, शहाळ्याने ताकद येते."

वरून परत आलेल्या अजितने ते ऐकलं. "शहाळं? अरे देवा. त्यात सगळं पोटॅशियमच असतं."

नम्रता धावली. पायातली एक चप्पल हॉलमध्येच राहिली, ती तिने पाहिलीही नाही. औषधाच्या दुकानापुढची रांग तिने कोपरांनी दूर केली, शिव्या खाल्ल्या, आणि गेटाबाहेर आली. तिथे तीन शहाळेवाले होते. पहिल्याकडे कोणी नव्हतं. दुसऱ्याकडे दोन मुलं. तिसऱ्याच्या गाडीमागे, फुटपाथच्या कठड्यावर, हिरव्या लुगड्यातली एक बारीक म्हातारी बसली होती. पायाशी एक रिकामं शहाळं पडलं होतं आणि दुसरं तिच्या हातात होतं, स्ट्रॉ तोंडाशी.

"पिऊ नका!" नम्रता ओरडली आणि तिने ते हिसकावलं. पाणी दोघींच्या अंगावर सांडलं.

"अगं ए! वेडी का काय तू?" म्हातारी चिडली. शहाळेवालाही कोयता ठेवून पुढे आला. "पैसे दिलेत मी त्याचे!"

"राधाबाई ना? चिठ्ठी दाखवा. तुमची चिठ्ठी."

म्हातारीने कमरेची चंची सोडली. आत सुपारी, दोन गोळ्या आणि घामाने मऊ झालेली चिठ्ठी. एकसष्ट हजार चारशे अडतीस.

"आजी, चला माझ्याबरोबर. चालू नका, थांबा, खुर्ची आणते."

"मला काय झालंय? बाराला माझा नंबर आहे, तो जाईल."

"जाऊ दे तो," नम्रता म्हणाली आणि तिला रडू आलं. म्हातारी मग गप्प झाली. अनोळखी पोरगी रस्त्यात आपल्यासाठी रडतेय म्हटल्यावर कोणीही गप्प होईल. तोवर साळवेकाका चाकाची खुर्ची ढकलत आले होते.

कॅज्युअल्टीत ईसीजीचा कागद सरसर बाहेर आला. डॉक्टरांनी तो बघितला, नर्सला दोन इंजेक्शनं सांगितली, मग पडदा ओढताना वळून एवढंच विचारलं, "ही बाई सकाळी नऊपासून या आवारात आहे? मग आत्तापर्यंत कुठे होती?"

याचं उत्तर नम्रताकडे होतं, पण डॉक्टर ऐकायला थांबले नाहीत. ती पडद्याबाहेर बाकावर बसून राहिली, एका पायात चप्पल, कुर्त्यावर शहाळ्याचं पाणी. आतून मशीनचा आवाज येत होता, आणि प्रत्येक ठोक्याला पुढचा येईल ना, असं वाटून तिचा जीव वरखाली होत होता. पाऊण तासाने नर्स बाहेर आली. खाली येतंय पोटॅशियम, आज ठेवून घेतोय, म्हणाली. शीवला सुनेला फोन गेला होता.

अधीक्षक मॅडमनी तिला गाठलं ते तिथेच. "लॉगिन बघितलं मी," त्या म्हणाल्या. "बदल साळवेंच्या नावाने झालाय."

साळवेकाकांनी तोंड उघडलं. नम्रताने त्यांना बोलू दिलं नाही. "बदल मी केला, मॅडम. त्यांचं नाव तिथे आहे कारण मी आठ महिन्यांत स्वतःचं लॉगिन बनवलं नाही."

"मी जिन्यातून ऐकलंय सगळं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज वर गेला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "तुझं पत्र मी या आठवड्यात सही करत नाही. पुढचं पुढे बघू. आता त्या एकोणतीस जणांना तू फोन कर. दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही, तूच कर."

एकोणतीस जण. नम्रताने अजितकडून यादी घेतली आणि पहिलं नाव वाचलं. कोंडीराम तावडे. पाच मिनिटांत फोन करते म्हणाली होती. आता एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिने नंबर लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. सत्तरीचा माणूस, त्याला सांगितलंय की तुझं काळीज बंद पडणार आहे, आणि पुढे कोणी काही बोलायला नाही. कोणाचंही काळीज बंद पडेल. इतक्या वेळात तिने जेवढी भीती सोसली होती त्याच्यापेक्षा ही वेगळी होती, कारण ही तर निव्वळ विसरल्याची होती. ती चौथ्यांदा फोन लावतच होती, तेवढ्यात अक्षता आली.

"ताई, खिडकीवर एक काका आलेत. म्हणतात, मला दाखल करून घ्या."

कोंडीराम तावडे खिडकीशी पिशवी छातीशी धरून उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. पिशवीतून टॉवेलचं टोक आणि स्टीलच्या पेल्याची कड दिसत होती. खिशात फोन वाजत होता, आणि त्यांना तो ऐकू येत नव्हता.

"काका, मी नम्रता. सकाळी तुमच्याशी बोलले ती."

"गाडी गावना, म्हणान उशीर झालो," ते घाईघाईने म्हणाले, जणू त्यांचंच चुकलं होतं. "बायलेक सांगूक नाय. दादराक जातंय म्हणान सांगलंय. आता खंय झोपू, सांग."

"काका, बसा. तुम्हाला काही झालेलं नाही. तो रिपोर्ट तुमचा नव्हता. माझ्या चुकीने दुसऱ्या बाईंचा रिपोर्ट तुमच्या नावावर गेला. तुमचा एक तारखेचा रिपोर्ट चांगला होता, तोच खरा. मी लगेच फोन करायला हवा होता, मी विसरले."

ते रागावतील, असं तिला वाटलं. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते बाकावर बसले, पिशवी मांडीवर घेतली. बराच वेळ पेल्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"मगे त्या बायचां काय झालां?"

"सापडल्या. बऱ्या आहेत आता."

"बरां," ते म्हणाले. मग, "माका कागदार लिवन दी. फोनार माजो इश्वास नाय आता."

नम्रताने अक्षताकडून कोरा कागद घेतला. लिहिलं की कोंडीराम तावडे यांना आज पाठवलेला रिपोर्ट त्यांचा नाही, त्यांची तब्येत ठीक आहे, चूक माझी आहे. खाली नाव, तारीख, वेळ, सही. त्यांच्याकडे चष्मा नव्हता. "वाचून दाखय," ते म्हणाले.

ती वाचू लागली. दोन शब्द वाचले आणि थांबली. मग तिने साळवेकाकांना हाक मारली. काका आले, बाकावर तिच्या शेजारी बसले आणि कागदावर बोट ठेवलं. ती वाचत गेली, त्यांचं बोट सरकत गेलं. शेवटच्या सहीपर्यंत आल्यावर काकांनी मान हलवली.

कोंडीरामांनी कागदाची चौपदरी घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबून बघितलं. उठले. दोन पावलं गेले आणि परत वळले.

"बायलेन बांगड्याचा तिखला केल्यान आसा," ते म्हणाले. "तुमचो फोन इल्यापासून तोंडात पाण्याचो घोट घेवक नाय मी. मगे आता जेवू मां मी?"

"जेवा काका," नम्रता म्हणाली. "पोटभर जेवा."